हॅझार्ड : एका शब्दाचा प्रवास

वाचकहो, महामार्गावरून जाणाऱ्या रसायनांच्या टँकरवर ‘हॅझार्डस’ हा शब्द आपण पाहिला असेल. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना कायद्यातही धोकादायक प्रक्रियांसाठी हाच शब्द घेऊन एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. ‘हॅझार्ड’ म्हणजे धोका, जोखीम. पण एवढा गंभीर शब्द मुळात जुगाराच्या बैठकीतून उठून आलेला आहे, हे सांगितले तर आपणांस नवल वाटेल.

१३०० च्या सुमारास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा ते फाशांच्या एका खेळाचे नाव होते. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने या खेळाची निंदाही केली आहे. ‘नुकसानीचा संभव’ हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला. डाव गेला, भीती तेवढी मागे राहिली!

आता स्पेनकडे वळू. तेथे मुसलमानांचे राज्य ७११ पासून कमीअधिक विस्ताराने जवळजवळ आठशे वर्षे टिकले. १२८३ साली ख्रिस्ती राजा दहावा अल्फोन्सो याने सेव्हिल येथे खेळांविषयीचा एक ग्रंथ पूर्ण करविला. त्यात तीन फाशांचा ‘असार’ नावाचा खेळ आहे. बेरीज ३ ते ६ किंवा १५ ते १८ आली, की त्या दानाला ‘असार’ म्हणत. विद्यार्थी मित्रांनो, वहीत मांडून पाहा : तीन फासे २१६ प्रकारे पडतात आणि त्यांतील अशी दाने केवळ ४० आहेत.

हा ‘असार’ बहुधा अरबी ‘अझ्-झह्र’वरून आला. ज्यांनी अरबी वाचन केले आहे त्यांना ‘अल्’मधील ‘ल’ येथे ‘झ’मध्ये का मिसळला, हे सांगावयास नको. सीरिया-इजिप्तकडे फाशाला आजही झह्र म्हणतात. झह्रचा दुसरा अर्थ फूल. फाशाच्या एका बाजूवर फुलाची खूण असे, म्हणून हे नाव पडले, असे काही पंडित मानतात. संत्र्याच्या फुलाला स्पॅनिशमध्ये ‘असाआर’ म्हणतात, तेही याच अरबी शब्दावरून.

मी वर्गात हे मोठ्या अभिमानाने सांगितले. दुसऱ्या दिवशी नववीतला एक मुलगा ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी कोश घेऊन उभा राहिला. “सर, यात ‘कदाचित’ असे लिहिले आहे.” मला क्षणभर राग आला, हे कबूल करतो. पण त्याचे बरोबर होते. झह्र म्हणजे फासा, हा अर्थ जुन्या अरबी कोशांत मिळत नाही, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. क्रुसेडच्या काळात एका किल्ल्याच्या वेढ्यात हा खेळ निघाला आणि किल्ल्याचेच नाव त्याला पडले, अशीही एक जुनी कथा आहे. मात्र तिला आज फारसे कोणी मानत नाही. अरबी मूळ अधिक संभवनीय वाटते, तरी त्यावर शिक्कामोर्तब झालेले नाही. आपल्या वाडवडिलांच्या भाषेचे ऋण जगाने मानावे, असे आपल्याला वाटते. मग साखर, कापूस यांच्या स्पॅनिश नावांसारखी पक्की उदाहरणे आधी द्यावीत. ‘आसुकार’ म्हणजे अस्-सुक्कर आणि ‘आल्गोदोन’ म्हणजे अल्-कुत्न. यांविषयी वाद नाही.

तेव्हापासून फळ्यावर ‘हॅझार्ड’ लिहिताना ‘अरबी’च्या आधी मी ‘बहुधा’ लिहितो.