एका पेनीची कादंबरी : अभिरुची आणि वर्ग

व्हिक्टोरियन इंग्लंडमधील ‘पेनी ब्लड’ कथांची बोळवण वाङ्मयेतिहासाने बहुधा ‘सवंग करमणूक’ या दोन शब्दांत केली. या निवाड्यामागे वाङ्मयीन निकष किती होता आणि वाचकाच्या सामाजिक स्तराविषयीचा पूर्वग्रह किती, हे तपासणे अगत्याचे आहे.

1836-37 मध्ये डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चा मासिक भाग एक शिलिंगला, म्हणजे बारा पेनींना मिळे. श्रमिकाच्या आवाक्याबाहेरचा हा वाचनव्यवहार एडवर्ड लॉइडसारख्या प्रकाशकांनी त्याच्या दाराशी आणला. एका पेनीत दोन स्तंभांत छापलेली, लाकडी ठशाच्या चित्राने सजलेली आठ पाने दर आठवड्यास मिळू लागली. पाने भरली की कधीकधी वाक्यही अर्ध्यावर तुटे. ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’मधील (1845-47) पाल्हाळ हा म्हणूनच केवळ लेखकाचा दोष नव्हे, किंमत, पृष्ठसंख्या आणि विक्री यांनी घडविलेली ती रचना आहे.

जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने या चौकटीत वेगळाच आशय भरला. 1844 मध्ये सुरू झालेल्या ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’मध्ये गुन्हेगारीच्या थरारासोबत टपालखात्यात गुप्तपणे फोडली जाणारी पत्रे आणि कोळसाखाणींतील हालअपेष्टाही आहेत. त्याच वर्षी इटालियन क्रांतिकारक मॅझिनीची पत्रे सरकारने उघडल्याचे प्रकरण गाजले होते. पुढे 1848 मध्ये रेनॉल्ड्स चार्टिस्ट चळवळीत उतरला. सनसनाटी आणि राजकीय असंतोष येथे परस्परविरोधी राहत नाहीत.

निरक्षरताही या वाचनाला अडवू शकली नाही. हातगाडीवरचे फळभाजीविक्रेते रेनॉल्ड्सचे अंक दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेत, अशी नोंद हेन्री मेह्यूने केली आहे. 1860 नंतर हे साहित्य मुख्यतः मुलांकडे वळले आणि ‘पेनी ड्रेडफुल’ हे तुच्छतादर्शक नाव रूढ झाले. 1895 मध्ये तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या मातृहत्येनंतर त्याच्या संग्रहातील अशा कथांकडे बोट दाखविले गेले. दारिद्र्याने ग्रासलेल्या वस्त्यांपेक्षा पुस्तकाला दोषी ठरविणे समाजाला सोयीचे होते.

या अभिरुचीनिर्णयाची सापेक्षता वसाहतीत उघड होते. लंडनमध्ये हीन गणला गेलेला रेनॉल्ड्स एकोणिसाव्या शतकातील भारतात इंग्रजी शिकलेल्या मध्यमवर्गाचा आवडता लेखक ठरला, ह. ना. आपटे यांच्या ‘मधली स्थिती’वरही (1885) त्याची छाया आहे. समुद्र ओलांडताच संहितेचा वाचकवर्ग बदलला आणि तिच्या प्रतिष्ठेचे मोजमापही बदलले. तेव्हा ‘सवंग’ हे विशेषण संहितेला लागते की तिच्या वाचकाला, याचा निर्णय केल्याखेरीज लोकप्रिय साहित्याचा इतिहास लिहिता येणार नाही.