हिवाळी पक्षिनोंदी आणि तलावांचा इतिहास : मंगरूळपीर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे आणि गॅझेटियर यांचा उल्लेख प्रथम होतो. एखाद्या तलावाच्या काठी बसून एखाद्या निरीक्षकाने वहीत लिहिलेली पक्ष्यांची यादी सहसा या साधनांत गणली जात नाही. वास्तविक तारीख, स्थळ आणि संख्या यांसह केलेली अशी नोंद हा त्या प्रदेशाच्या पर्यावरणीय इतिहासाचा प्राथमिक पुरावा असतो. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर परिसराच्या संदर्भात हिवाळी पक्षिनिरीक्षणाच्या परंपरेचा मागोवा घेतला असून, लहान तलावांच्या नोंदी ऐतिहासिक साधन म्हणून कशा वाचाव्यात, याचा विचार केला आहे.

परिसर आणि त्याचे पाणी

पीर हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ओळखले जाणारे मंगरूळपीर हे जुन्या वऱ्हाड प्रांतातील गाव होय. वाशीम जिल्ह्याचे पठार दोन मोठ्या खोऱ्यांच्या पाणलोटावर वसलेले आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीच्या खोऱ्यात जाते, तर अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेच्या मार्गाने गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नद्यांच्या उगमाकडील प्रदेशात प्रवाह लहान असतात. त्यामुळे येथील जलाशयही बहुतांशी लहान व मध्यम आकाराचे आहेत. अडाण, सोनल आणि एकबुर्जी हे जिल्ह्यातील मध्यम प्रकल्प. त्यांच्या जोडीला मोतसावंग्यासारखे लघुप्रकल्प आणि गावोगावचे पाझर तलाव आहेत.

या ठिकाणी पूर्व विदर्भाशी तुलना उपयुक्त ठरते. गोंदिया, भंडारा या भागांत कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले शेकडो वर्षांचे तलाव आहेत. नवेगावबांध हे त्याचे ठळक उदाहरण. वऱ्हाडच्या काळ्या, कापूसपिकाऊ जमिनीत अशी तलावसंस्कृती फारशी रुजली नाही. कारंजा येथील ऋषी तलाव किंवा वाशीमचे पद्मतीर्थ यांसारखी जुनी तळी आहेत, पण ती मोजकीच. येथील बहुसंख्य जलाशय स्वातंत्र्योत्तर काळातील सिंचन धोरणाचे फलित आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर पाझर तलावांच्या कामांना जी गती मिळाली, तिचाही या प्रक्रियेत वाटा आहे. माणसाने दुष्काळाच्या धास्तीने अडविलेल्या पाण्यावर हिवाळी पाहुणे उतरू लागले, ही बाब पक्षिनोंदींचा अर्थ लावताना महत्त्वाची ठरते.

नोंदीची परंपरा

दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम साइक्स यांच्या १८३२ मधील सूचीपासून ठळकपणे दिसू लागते. ॲलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात डेव्हिडसन व वेन्डेन यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे ई. ए. डि'अब्रू यांनी मध्यप्रांतातील पक्ष्यांची सूची १९३५ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध केली.

या काळातील निरीक्षक बहुधा लष्करी वा मुलकी अधिकारी होते आणि पक्षी ओळखण्याचे त्यांचे प्रमुख साधन बंदूक हे होते. मारलेला पक्षी हाच पुरावा मानला जाई. सालिम अली यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (१९४१) या ग्रंथाने हे ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची जागा दुर्बीण व नोंदवही यांनी घेतली. मराठीत हे कार्य मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पुढे नेले. नवेगावबांधच्या वास्तव्यात माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकाराचा त्यांना लाभलेला सहवास आणि त्यांचा 'पक्षिकोश' यांमुळे लोकांच्या तोंडची पक्षिनामे ग्रंथनिविष्ट झाली. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या थव्याने राहणाऱ्या पक्ष्याला 'वारकरी' म्हणणारी भाषा हीदेखील निरीक्षणाचीच साक्ष होय.

नोंदींतील मौन

जुन्या सूचींत मंगरूळपीर परिसराचा शोध घेताना तीन अडचणी संभवतात. पहिली प्रशासकीय नावांची. १९०५ पर्यंत हा तालुका बासीम जिल्ह्यात होता, त्यानंतर अकोला जिल्ह्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. जुन्या नोंदीत केवळ 'अकोला' असे लिहिले असेल, तर ती आजच्या कोणत्या जिल्ह्याची, हे तपासावे लागते. दुसरी अडचण दृष्टिकोनाची. वासाहतिक गॅझेटियरांचे मुख्य लक्ष महसूल, पिके व प्रशासन यांकडे होते. पाणपक्ष्यांचा विचार त्यांत बहुधा शिकारीच्या अनुषंगाने येतो. तिसरी अडचण सर्वांत मूलभूत आहे. १९१० मध्ये अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर तयार झाले, तेव्हा आजचे बहुतेक जलाशय अस्तित्वातच नव्हते. म्हणून एखादे बदक जुन्या यादीत नाही यावरून ते पूर्वी या भागात येत नव्हते, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. त्याचप्रमाणे, आज ते दिसते म्हणून पर्यावरण सुधारले, असेही म्हणता येणार नाही.

हिवाळी गणना

विदर्भातील तलावांवर साधारणतः नोव्हेंबरपासून स्थलांतरित पक्षी दिसू लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, विविध तुतवार व धोबी हे त्यांतील परिचित पक्षी. संस्कृत काव्यात विरहाचे प्रतीक ठरलेला चक्रवाक लडाख, तिबेट व मध्य आशियात वीण करतो. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब उपग्रह-निरीक्षणात ७,२९० मीटर उंचीवर उडताना आढळला आहे. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब विदर्भातील जलाशयांवर नोंदले गेले आहेत. गावचा तलाव आणि मंगोलियातील सरोवर यांचा संबंध अशा एका नोंदीने सिद्ध होतो.

भारतात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. एकाच काळात अनेक देशांतील पाणथळींवर पक्षी मोजले जात असल्याने एका तलावावरील आकड्याला व्यापक संदर्भ प्राप्त होतो. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा पक्षी सप्ताह शासनाच्या वतीने साजरा होतो. तथापि एका सप्ताहातील उत्साह आणि सलग नोंद या भिन्न गोष्टी आहेत.

येथील तलावांतील पाणी रब्बी पिकांसाठी सोडले जाते. त्यामुळे हिवाळा सरत असताना पातळी घटते, काठचा चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या शेकाट्या, तुतवार यांना खाद्य मिळते; खोल पाण्यातील बदके मात्र अन्यत्र जाऊ शकतात. डिसेंबर व फेब्रुवारीतील आकड्यांचा फरक म्हणूनच पाण्याच्या पातळीची नोंद असल्याशिवाय समजत नाही.

नोंदीची विश्वसनीयता

नोंद खोटी असल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेला रानपिंगळा शतकाहून अधिक काळ अज्ञात राहिला. रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला नमुना हा वास्तविक जुन्या संग्रहातून चोरून नवे लेबल लावलेला होता. ती नोंद बाजूस सारून अस्सल नमुन्यांच्या स्थळांचा माग घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना हा पक्षी शहादा परिसरात पुन्हा आढळला. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व स्पष्ट झाले. बखरींच्या अभ्यासात जी चिकित्सा आवश्यक मानली जाते, तीच पक्षिनोंदींनाही लागू होते.

तलावाच्या नोंदीत तारीख, वेळ, स्थळाचे पूर्ण नाव, निरीक्षकाचे नाव, मोजलेली वा अंदाजित संख्या आणि पाण्याची स्थिती असणे आवश्यक आहे. पक्षी दिसले नाहीत, तर तेही लिहावे. 'काहीही आढळले नाही' ही नोंद अनेकदा वगळली जाते. परंतु ऱ्हासाचा पुरावा पुढील अभ्यासकाला त्याच ओळीत सापडतो.

समारोप

लोणार आणि नांदूर मधमेश्वर यांना रामसर स्थळांचा दर्जा मिळाला आहे. अशा विख्यात पाणथळींकडे अभ्यासकांचे लक्ष असते. मंगरूळपीर परिसरातील पाझर तलावांना तो लाभ नाही. ते गाळाने भरले, अतिक्रमणाने आक्रसले वा पक्ष्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली, तरी आधीची नोंद नसल्यास काय गमावले हे सांगता येणार नाही. परिसरातील महाविद्यालयांनी एक तलाव निवडून दर हिवाळ्यात ठरावीक दिवशी गणना करावी आणि त्या वह्या ग्रंथालयात जतन कराव्यात, एवढे कार्य अल्प खर्चात शक्य आहे. या परिसराच्या जुन्या दप्तरांत पाण्यावरच्या पाहुण्यांना जागा मिळाली नाही; आजच्या दप्तरात ती देणे हे आजच्या निरीक्षकांच्या हाती आहे.