कंदीलपुष्पाच्या जाती ओळखतात कशा?

श्रावणापासून आश्विनापर्यंत सह्याद्रीच्या गडांवर, गवताळ उतारांवर आणि कोकणातल्या सड्यांवर कंदीलपुष्पे फुलतात. त्यांचे फोटो मोबाइलवरून फिरू लागतात आणि एकाच फुलाला दोन-तीन वेगवेगळी नावे मिळतात. ही चूक किरकोळ वाटते. पण कंदीलपुष्पाच्या काही जाती जगात फक्त एखाद-दोन डोंगरांवर आढळतात, तर काही भारतभर पसरलेल्या आहेत. आपल्यासमोरचे रोप यांपैकी कोणते, यावर त्याची काळजी किती घ्यायची हे ठरते. वनस्पतिशास्त्रज्ञ हा निर्णय बाह्य लक्षणांवरून कसा घेतात, ते समजून घेऊ.

कंदीलपुष्प म्हणजे काय?

कंदीलपुष्प हे एका वनस्पतीचे नाव नसून अनेक जातींच्या गटाचे नाव आहे. अशा गटाला ‘वंश’ म्हणतात. या वंशाचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया. ते लिनियसने १७५३ मध्ये दिले. ग्रीक भाषेतील ‘मेण’ आणि ‘कारंजे’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून ते आले आहे. महाराष्ट्रात काही भागांत या वनस्पतींना खर्पुडी किंवा खरचुडी असेही म्हणतात. रुई, करवंद, कण्हेर आणि सदाफुली ज्या मोठ्या कुळात मोडतात, त्याच कुळातला हा वंश आहे. भारतात त्याच्या पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच फक्त भारतात, आणि त्यातही बहुतांश पश्चिम घाटात सापडतात.

फुलाच्या पाच पाकळ्या खालच्या बाजूला जुळून एक नळी तयार होते. नळीचा तळ फुगीर असतो. बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके वर पुन्हा एकमेकांना चिकटतात, मध्ये खिडक्या राहतात आणि फुलाला कंदिलाचा आकार येतो. फुलाच्या वासाने चिलटांसारख्या बारीक माश्या आत उतरतात. नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांना लगेच बाहेर पडता येत नाही. आत धडपडताना फुलाचे परागपुंज त्यांच्या अंगाला चिकटतात. पुढे फूल मलूल होऊ लागले, केस सुकले की माश्या सुटतात आणि परागपुंज दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवतात.

ओळख पटवताना ही माहिती कामाला येते. फुलाची मापे माशीच्या शरीराशी जुळावी लागतात. ती फार बदलली तर परागीभवन बिघडते. म्हणून एका जातीच्या फुलांची घडण बरीच स्थिर राहते. पानांवर असे बंधन नसते.

पाने का फसवतात?

सेरोपेजिया बल्बोसा ही भारतात दूरवर पसरलेली जाती आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचे वर्णन १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. तिची पाने मांसल असतात. काही वेलींवर ती जवळजवळ गोल असतात, तर काहींवर इतकी अरुंद की पट्टीसारखी दिसतात. एकोणिसाव्या शतकात अशा अरुंद पानांच्या वेलीला ‘लुशी’ नावाची वेगळी जाती मानले गेले. पुढे जोसेफ डाल्टन हूकर यांनी तिला बल्बोसाचाच एक प्रकार ठरवले. पानांचा फरक डोळ्यांत भरणारा होता; मात्र तेवढ्यावर स्वतंत्र जाती उभी राहू शकली नाही.

पानाचा आकार ऊन, सावली, पाणी आणि मातीची खोली यांनुसार बदलतो. कातळावरच्या चिमूटभर मातीत वाढलेले रोप आणि झुडपाच्या सावलीत वाढलेले रोप एकाच जातीचे असूनही वेगळे दिसू शकतात. फुलाच्या रंगातही उजळ-गडद असा फरक पडतो. म्हणून फक्त पान किंवा फक्त रंग पाहून दिलेले नाव भरवशाचे नसते.

कोणती लक्षणे तपासतात?

एका लक्षणावर निर्णय न देता लक्षणांचा संच पाहिला जातो. कंदीलपुष्पाच्या बाबतीत साधारणपणे पुढील गोष्टी तपासतात:

• वाढीची सवय: रोप स्वतःच्या खोडावर उभे राहते की आधाराला वेढे घालत वेलीसारखे चढते? ही पहिली मोठी विभागणी. उंच गवतात उभे रोपही लांबून कलंडते, त्यामुळे खोड खरोखर वेढे घालते आहे का, हे पाहावे लागते.

• खोड व पाने: लव आहे की पृष्ठभाग गुळगुळीत आहे, पाने मांसल आहेत की पातळ, देठ आहे की नाही.

• फुलांची मांडणी: फुले एकेकटी येतात की घोसात.

• पाकळ्या आणि नळीचे प्रमाण: नळीची लांबी किती, तळ किती फुगीर, मोकळ्या पाकळ्या नळीपेक्षा आखूड आहेत की लांब, त्यांची टोके जुळलेली आहेत का.

• करोना: नळीच्या तळाशी, परागपुंजांभोवती मुकुटासारखा छोटा भाग असतो. त्याला करोना म्हणतात. त्याच्या बाहेरच्या आणि आतल्या पाळ्यांचा आकार, लांबी आणि केस यांवरून अगदी सारख्या दिसणाऱ्या जातीही वेगळ्या करता येतात. हा भाग पाहण्यासाठी फूल उभे चिरून भिंगाखाली धरावे लागते.

• शेंगा: त्या सहसा जोडीने येतात. त्यांची लांबी आणि जोडीतला कोन नोंदवतात.

शास्त्रीय नावांतही अनेकदा एखादे लक्षण दडलेले असते. ‘हिर्सुटा’ म्हणजे केसाळ, ‘अटेन्युआटा’ म्हणजे निमुळती होत गेलेली, ‘ऑक्युलाटा’ म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके असलेली. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. ‘बल्बोसा’ हे नाव कंदावरून आले असले, तरी कंद या वंशातल्या इतर पुष्कळ जातींनाही असतो.

किल्ली कशी चालते?

वनस्पतींच्या ग्रंथांत ओळख पटवण्यासाठी ‘किल्ली’ दिलेली असते. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय असतात. आपल्या रोपाला लागू पडणारा पर्याय निवडत पुढे जायचे. ही पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवरील ग्रंथात वापरली. तीन जातींसाठी छोटी किल्ली अशी होईल:

१अ. रोप उभे, पाने गवतासारखी अरुंद, पाकळ्या लांब, दोऱ्यासारख्या: अटेन्युआटा
१ब. रोप वेलीसारखे वेढे घालणारे: पुढे २ पाहा
२अ. खोड आणि पाने लवदार: हिर्सुटा
२ब. खोड आणि पाने गुळगुळीत. पाने मांसल: बल्बोसा

या किल्लीत एक धोका आहे. पश्चिम घाटात उभी वाढणारी इतर कंदीलपुष्पेही आहेत. ती या तीन जातींत मोडत नाहीत, तरी घाईत पाहणारा त्यांना ‘अटेन्युआटा’ म्हणून मोकळा होईल. किल्ली कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या जातींसाठी बनवली आहे, हे आधी पाहणे म्हणूनच गरजेचे. शिवाय किल्लीने नाव मिळाल्यावर त्या जातीचे पूर्ण वर्णन आपल्या रोपाशी ताडून पाहावे. एखादे लक्षण जुळत नसेल तर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.

जुने नमुने कशासाठी जपतात?

नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून ठेवला जातो. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पुढे शंका आली तर तुलना त्याच्याशी होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. तिथल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे वाळवलेले नमुने जपले आहेत. कंदीलपुष्पाचे फूल दाबून वाळवले की नळी चपटी होते आणि रंग उडतो. त्यामुळे काही फुले द्रावणात ठेवतात आणि ताज्या फुलाची मापे, रंग व चित्र वेगळे नोंदवतात.

डीएनए तपासणीने या कामाला मोठी मदत झाली आहे. कोणते गट एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे तिच्यामुळे समजते. तरीही नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींच्या डीएनएत फरक फारच थोडा असू शकतो. डोंगरावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला किंवा अभ्यासकाला तर आधार डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांचाच असतो.

नाव चुकले तर काय बिघडते?

नाशिकजवळच्या अंजनेरीवरून ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही जाती २००६ मध्ये नवी म्हणून प्रसिद्ध झाली. जुन्नर परिसरातील डोंगरावर मिळालेल्या एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांच्या सन्मानार्थ ‘महाबळेई’ हे नाव मिळाले. अशा जातींचा प्रदेश फार लहान असतो. एखादा वणवा, एखादी खाण, अतिचराई किंवा कंदांसाठी झालेली खोदाई त्यांना पुरेशी ठरू शकते.

दुर्मीळ जातीला ‘ही तर नेहमीचीच’ म्हटले, तर तिच्या डोंगराकडे कोणी लक्ष देत नाही. उलट नेहमीच्या जातीच्या वेगळ्या पानांना नवी जाती समजले, तर थोडका पैसा आणि वेळ चुकीच्या जागी जातो. संवर्धनासाठी रोपे तयार करून पुन्हा डोंगरावर लावली जातात. तिथेही नाव चुकले, तर एका जातीची रोपे दुसरीच्या डोंगरावर जाऊ शकतात. धोक्यातील वनस्पतींची यादी जातींच्या नावांवरच उभी असते; ज्याला नाव नाही, त्याला त्या यादीत जागा नाही.

फोटो काढताना काय लक्षात ठेवावे?

समोरून काढलेल्या एका देखण्या फोटोवरून जात ठरवणे अनेकदा अशक्य असते. चार-पाच साधे फोटो जास्त उपयोगी पडतात: संपूर्ण रोप, खोड जवळून, पानाची वरची व खालची बाजू, फूल बाजूने आणि वरून. मापासाठी शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे. तारीख, साधारण उंची आणि जमिनीचा प्रकार टिपून ठेवावा. फूल तोडू नये. ते चिरून पाहण्याचे काम परवानगी घेतलेल्या अभ्यासकांवर सोडावे. कंद तर मुळीच उकरू नये.

ओळख सांगणारी अॅप्स आधी मिळालेल्या फोटोंवरून शिकतात. ज्या जातीचे फोटो कमी, तिला ती जवळच्या नेहमीच्या जातीचे नाव देण्याची शक्यता जास्त. अॅपचे उत्तर ही सुरुवात समजावी. खात्री नसेल तेव्हा नुसते ‘सेरोपेजिया’ एवढेच लिहिणे चुकीच्या पूर्ण नावापेक्षा बरे.

नेमकी जागा मात्र सर्वांसमोर टाकू नये. आयनॅचरलिस्टसारखे व्यासपीठ धोक्यातील जातींचे अचूक ठिकाण आपोआप झाकते. व्हॉट्सअॅप गटात लिहिलेले गडाचे आणि वाटेचे नाव झाकले जात नाही. तिथे ‘पुणे जिल्हा’ किंवा ‘नाशिक जिल्हा’ एवढे पुरते. अचूक जागा अभ्यासकाला किंवा वनविभागाला स्वतंत्रपणे कळवता येते.