ट्रेनिंग व्हॉल्यूम: किलो मोजायचे की सेट?

विरार पश्चिमेच्या बोळिंजमध्ये राहून रोज चर्चगेटची लोकल पकडणाऱ्याकडे जिमसाठी आठवड्यातून तीनच तास उरतात. तेवढ्यात छाती, पाठ, पाय वाढतील का? याचं उत्तर ‘ट्रेनिंग व्हॉल्यूम’मध्ये आहे. म्हणजे एका स्नायूकडून आठवडाभरात किती काम करून घेतलं, त्याचा हिशोब.

आखाड्यात हा हिशोब सोपा होता: जोर किती, बैठका किती. वजन स्वतःच्याच शरीराचं. जिममध्ये वजन बदलतं, म्हणून सेट, रेप्स आणि किलोंचा गुणाकार आला. बेंच प्रेसला ४० किलो, १० रेप्स, ३ सेट म्हणजे १२०० किलो. पण २० किलो घेऊन २५ रेप्सचे ३ सेट मारले की १५०० होतात! म्हणून छाती जास्त वाढेल असं नाही. दोन्हीकडे सेट दमेपर्यंत नेला तर वाढ साधारण सारखीच होते. लेग प्रेसचा आकडा तर बायसेप्स कर्लच्या कितीतरी पट येतो, पण त्यावरून बायसेप्सला काम कमी पडलं असं म्हणता येत नाही. एकाच व्यायामातली स्वतःची प्रगती बघायला मात्र हा गुणाकार ठीक आहे.

म्हणून संशोधक आता बहुधा प्रत्येक स्नायूचे आठवड्याचे ‘हार्ड सेट’ मोजतात. सेट थांबवताना अंगात दोन-तीनच रेप्स उरलेले हवेत. वॉर्मअप धरायचा नाही, आणि मोबाइल बघत मारलेला हलका सेटही नाही.

ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १५ अभ्यास एकत्र तपासले. आठवड्याला ५ पेक्षा कमी सेट करणाऱ्या गटांत स्नायूंची वाढ सरासरी ५.४ टक्के, ५ ते ९ सेटला ६.६ आणि १० किंवा जास्त सेटला ९.८ टक्के होती. रील्समध्ये यातला शेवटचा आकडाच फिरतो. पण पहिलाही बघण्यासारखा आहे: थोड्या सेटनेही निम्म्याहून जास्त काम झालं.

खरा घोळ मोजताना होतो. बेंच प्रेस छातीचा व्यायाम, पण ट्रायसेप्सही राबतात. अशा वेळी मदतनीस स्नायूला अर्धा सेट धरायची पद्धत आहे. बेंच प्रेसचे ६ सेट आणि ट्रायसेप्स पुशडाउनचे ३ सेट केले, तर छातीचे ६ आणि ट्रायसेप्सचेही ६ झाले. लॅट पुलडाउनमध्ये बायसेप्सचं तसंच.

बोळिंजच्या त्या प्रवाशाने तीन दिवसांत छातीचे रोज ३ सेट केले तरी आठवड्याचे ९ भरतात.