ग्रामीण लोकवर्गणी आणि मुलांच्या संस्था : रयत शिक्षण संस्थेच्या प्रारंभकाळाचा एक अभ्यास

प्रस्तावना :
गावातील मुलांसाठी शाळा, वसतिगृह अथवा क्रीडांगण उभारावयाचे झाल्यास पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. जेथे शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम वर्षातून एकदोनदाच येते, तेथे निधी कसा जमवावयाचा ? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गरीब समाजाने आपल्या मुलांसाठी काय दिले, कोणत्या स्वरूपात दिले आणि हे देणे न्याय्य होते काय, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा याप्रमाणे लोकल फंडाचा कर बसविण्यात आला. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवला जाई. म्हणजे शेतकरी शिक्षणासाठी पैसा देतच होता. तथापि त्याचे मूल मात्र शाळेबाहेर राहत होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. सत्यशोधक विचारांत वाढलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, त्यामागे ही परंपरा उभी होती.

निधीचे मार्ग :
१९२४ मध्ये संस्थेचे कार्य सातारा येथे आले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. कीर्ती वाढली तरी रोजच्या जेवणाची चिंता सुटली नव्हती. या चिंतेतूनच मदत मिळविण्याच्या पद्धती घडत गेल्या.

पहिला मार्ग धान्याचा. 'मुष्टिफंड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत घरातील स्त्रीने रोज मूठभर धान्य बाजूला काढावे, अशी अपेक्षा असे. मुठीने घर उपाशी राहत नसे, मात्र घरोघरच्या मुठी एकत्र आल्या की मुलांच्या जेवणाची सोय होई. सुगीत खळ्यावरच धान्याचा वाटा देण्याची बलुत्याची रीत ग्रामीण समाजाला परिचित होती. त्यामुळे धान्यरूपाने देणे हे गावकऱ्यांना परके वाटण्याचे कारण नव्हते. दुसरा मार्ग श्रमाचा. 'कमवा व शिका' या तत्त्वामुळे विद्यार्थी स्वतःच देणगीदार झाला. १९४० मध्ये सुरू झालेले सातारा येथील महाराजा सयाजीराव हायस्कूल हे या तत्त्वाचे ठळक उदाहरण होय. तिसरा मार्ग जागेचा. गावोगावच्या व्हॉलंटरी शाळांना देऊळ, धर्मशाळा अशा जागा उपयोगी पडल्या. रोख देणग्याही मिळाल्या, परंतु संस्थेचा पाया केवळ त्यांवर उभा नव्हता.

यात लक्ष्मीबाई पाटील यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव इतिहासात राहिले, परंतु रोज मूठ काढणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. रोख देणगीची पावती होते. मुठीची होत नाही. केवळ हिशेबवह्यांवर विसंबणाऱ्या इतिहासलेखनाची ही मोठी मर्यादा आहे.

मर्यादा :
लोकवर्गणीचा केवळ गौरव करून चालणार नाही. लोकल फंड भरणाऱ्या शेतकऱ्याने पुन्हा मूठ द्यावी, याचा अर्थ एकाच हक्कासाठी त्याने दोनदा मोल द्यावे असा होतो. शिवाय भूमिहीन कुटुंबाच्या मुठीचे ओझे बागाईतदाराच्या मुठीपेक्षा कितीतरी अधिक असते. दुसरीकडे, सरकारी मदतीवरच अवलंबून असणेही धोक्याचे होते. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखले. त्या संकटात संस्थेला लोकांचाच आधार होता. तात्पर्य, वर्गणीने शासनाची जबाबदारी संपत नाही. ती संस्थेला शासनापुढे ताठ मानेने उभे राहण्याचे बळ देते.

क्रीडांगणाचा प्रश्न :
आज हाच विचार क्रीडांगणाला लागू पडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ग्रामपंचायत स्तरावर मैदाने विकसित करण्यासाठी २००८-०९ मध्ये केंद्र शासनाने 'पायका' योजनाही सुरू केली होती. म्हणजे मैदान ही आता दात्याची कृपा राहिलेली नसून मुलाचा हक्क ठरली आहे. अशा वेळी गरीब पालकांकडून सक्तीने रोख वर्गणी घेणे इतिहासाच्या विपरीत होईल. मात्र जागा राखणे, दगड वेचणे, कुंपणाला झाडे लावणे, मैदानावर अतिक्रमण होऊ न देणे ही कामे केवळ अनुदानाने होत नाहीत. त्यांसाठी गावाचा हातच लागतो.

निष्कर्ष :
रयत शिक्षण संस्थेच्या प्रारंभकाळावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गरीब समाजाकडून मागावयाचे ते त्याच्याजवळ जे असेल त्या स्वरूपात मागावे. दोन, ज्याने दिले त्याला संस्था आपली वाटते. म्हणून देणाऱ्याला निर्णयातही स्थान असावे. तीन, लोकवर्गणी ही शासकीय कर्तव्याला पर्याय नव्हे, तर पूरक आहे. गावातील मैदानासाठी पावतीपुस्तक छापण्यापूर्वी हा इतिहास आठवणे उपयुक्त ठरेल.