व्हिडिओ एडिट करताना क्लिप का सरकतात? टाइमलाइन जागेवर कशी ठेवायची?

फोनवर व्हिडिओ एडिट करणाऱ्या जवळपास सगळ्यांना हा प्रॉब्लेम येतो. सुरुवातीची २ सेकंदांची क्लिप डिलीट केली की पुढच्या सगळ्या क्लिप २ सेकंद अलीकडे येतात. गाण्याचा बीट एकीकडे, कट दुसरीकडे.

मी भिवंडीत हळद, लग्न, सत्कार, श्रद्धांजली असे व्हिडिओ फोनवरच बनवतो. रीलमध्ये बीट चुकला तर फार काही बिघडत नाही. पण श्रद्धांजलीच्या व्हिडिओत गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या फोटोतल्या जिवंत नातेवाइकाच्या चेहऱ्याखाली दिसलं, तर घरचे लोक ते विसरत नाहीत. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊया.

क्लिप सरकतात कशामुळे?

टाइमलाइनची सवय आपल्याला इतकी झालीय की आधी काय होतं ते माहीतच नसतं. भिवंडीसारखंच यंत्रमागांचं शहर असलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. (त्यांच्यावरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा सिनेमा २०२५ मध्ये थिएटरला लागला.) स्वतःच्या व्हिडिओ पार्लरमध्ये व्हीसीआर वापरून ते एडिटिंग शिकले. त्या पद्धतीत एका मशीनवर टेप चालवायची आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करायची. मधला एक शॉट काढायचा म्हटलं तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागे. काहीच आपोआप सरकत नसे.

आता उलट झालंय. मोबाईल ॲपमध्ये मुख्य ट्रॅकवर सहसा रिकामी जागा राहत नाही. एक क्लिप गेली की मागची पुढे येऊन चिकटते. याला रिपल म्हणतात. काम पटकन होतं, पण वरचे लेयर, म्हणजे नाव, स्टिकर, गाणं, सोबत सरकतात की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी हे ठरवा

प्रत्येक लेयरसाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा लेयर क्लिपला बांधायचा की वेळेला?

• नाव, सबटायटल, चेहऱ्यावरचा इफेक्ट: क्लिपला. क्लिप जिथे जाईल तिथे हे गेलं पाहिजे.
• गाणं, कोपऱ्यातला लोगो: वेळेला. खाली क्लिप कितीही बदलल्या तरी हे हलता कामा नये.

काईनमास्टरमध्ये यासाठी पिन आहे. लेयर निवडून पिन केला की तो टाइमलाइनवरच्या त्या वेळेला पक्का होतो. म्हणून गाण्याला पिन चालेल, नावाला नको. नाव पिन केलं आणि आधीची २ सेकंदं कापली, तर नाव २ सेकंद उशिरा येईल आणि पुढच्या फोटोवरही रेंगाळेल.

फोनवर कामाचा क्रम

१. आधी मुख्य ट्रॅक पूर्ण करा. कट, स्पीड, ट्रान्झिशन सगळं. स्पीड वाढवला की क्लिपची लांबी कमी होते आणि पुढचं सगळं सरकतं, हे लक्षात ठेवा.

२. मग गाणं, आणि नावं सगळ्यात शेवटी.

३. नंतर एखादा फोटो बदलायला सांगितला तर डिलीट करू नका, रिप्लेस वापरा. जुन्या क्लिपइतकीच लांबी ठेवली तर पुढचं काहीच हलत नाही. टेपच्या काळातही मधला शॉट बदलायचा तर नवा शॉट बरोबर तेवढ्याच लांबीचा लागायचा.

४. क्लिप काढायचीच असेल आणि बाकीचं जागेवर हवं असेल, तर तिथे तेवढ्याच सेकंदांचा काळा फोटो टाका.

५. मोठा बदल करण्याआधी प्रोजेक्टची डुप्लिकेट कॉपी करून ठेवा.

कॉम्प्युटरवर

ॲपलने २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्समध्ये मॅग्नेटिक टाइमलाइन आणली. तिथे क्लिप आपोआप चिकटतात. चिकटू द्यायच्या नसतील तर 'पी' दाबून पोझिशन टूल घ्या. प्रीमियर प्रोमध्ये साध्या डिलीटने जागा रिकामी राहते, तर रिपल डिलीटने पुढच्या क्लिप अलीकडे येतात. ज्या ट्रॅकला हात लावायचा नाही त्याचं कुलूप लावून ठेवा. दा विंची रिझॉल्व्हमध्येही ट्रॅकला असं कुलूप लावता येतं.

एक्सपोर्ट करण्याआधी

पूर्ण व्हिडिओ बघायला वेळ नसेल तर निदान शेवटची ३ नावं तपासा. आधी कुठेही लांबी बदलली असेल तर फरक शेवटपर्यंत पोचतो, आणि तिथेच तो सगळ्यात मोठा दिसतो. शेवटचं नाव योग्य चेहऱ्याखाली नसेल, तर मागे जात जात पहिलं चुकलेलं नाव शोधा. बिघाड त्याच्याच जरा अलीकडे सापडेल.