सेनिओचा बांध आणि काळबादेवीचा रस्ता

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया कोणत्या, असं विचारलं की ठरलेली नावं येतात. स्टालिनग्राड, मिडवे, एल अलामीन, नॉर्मंडी. यादी चुकीची नाही. फक्त ती वाचताना वाटत राहतं की हे युद्ध दुसऱ्या कुणाचं तरी होतं आणि आपल्या वाट्याला त्यावरचे सिनेमे आले. आपल्या गावांतली पोरं या युद्धात कुठे उभी होती, हे पाहिलं की यादी थोडी बदलते.

सुरुवात केरेनपासून करू. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात उंच कड्यांमधून जाणारी एक खिंड आणि वर दबा धरून बसलेलं इटालियन सैन्य. आपल्याकडच्या घाटात वरून दगड लोटला तरी खालच्याची काय गत होते, हे सह्याद्रीतल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारी ते मार्च १९४१ असं सात-आठ आठवडे भारतीय चौथी आणि पाचवी डिव्हिजन तिथे धडका देत होत्या. १५ मार्चच्या रात्री डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या डोंगरावर चढलेल्या नवव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. १६ला पहाटे किल्ला पडला, २७ मार्चला केरेन. एप्रिलमध्ये अस्मारा आणि मसावा बंदरही हाती आलं.

याने काय बदललं? अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती आणि तिच्या कायद्यानुसार अमेरिकन जहाजांना युद्धक्षेत्रात जायला बंदी होती. तांबडा समुद्र मोकळा होताच रूझवेल्टने तो युद्धक्षेत्रांच्या यादीतून काढून टाकला. अमेरिकन जहाजं थेट सुएझपर्यंत माल आणू लागली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एक अडलेली पायरी मोकळी झाली की मागची सगळी रांग पुढे सरकते, हे आमच्या रोजच्या कामातलं. केरेन ही तशी पायरी होती.

दुसरी घटना पराभवाची आहे, म्हणून ती फारशी कुणी सांगत नाही. २० जून १९४२ला पहाटे रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर हल्ला केला. विमानं, तोफा आणि मागोमाग रणगाडे. या बाजूला पाचव्या मराठाची दुसरी पलटण होती. तटबंदी तिथे फुटली आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. सुमारे तेहतीस हजार सैनिक कैद झाले. १९४१मध्ये ज्या तोब्रुकने आठ महिने वेढा झेलला, ते एका दिवसात गेलं. रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या, सुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेलेले. त्यात पलटणीचा दोष कितीसा? चर्चिलला ही बातमी व्हाइट हाउसमध्ये, रूझवेल्टच्या समोर मिळाली. रूझवेल्टने काय मदत करू, असं विचारलं आणि तीनशे शर्मन रणगाडे इजिप्तकडे निघाले. तेच रणगाडे ऑक्टोबरात एल अलामीनला उतरले. यादीतल्या त्या विजयाचा एक धागा तोब्रुकच्या फुटलेल्या तटापर्यंत जातो.

मग इटली. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लपलेल्या नेमबाजांनी त्यांना तिथेच टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

९ एप्रिल १९४५ला इटलीतली शेवटची मोठी चढाई सुरू झाली. सेनिओ नदी त्या ठिकाणी जेमतेम पंधरा फूट रुंद, पाणी छातीपर्यंत. आपण तिला ओढा म्हटलं असतं. पण दोन्ही काठांना उंच, सरळसोट बांध आणि ते आतून पोखरून जर्मनांनी मोर्चे केलेले. पहिल्या पलटणीतले नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमींना एकेक करून पलीकडे नेलं, मग परत फिरून तीन मशीनगन मोर्चे उद्ध्वस्त केले. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून ग्रेनेड घेतले. शेवटी बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत उरलेल्यांना बोलावलं. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती अंमलात आली.

पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेरहून पुण्याकडे येताना मंचरच्या अलीकडे महाळुंगे पडवळ लागतं, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. हे बाबू गेनू सैद यांचं गाव. मुंबईतला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीसमोर आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय २२च. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे.

एकाच रस्त्यावरची ही दोन गावं. एकाने साम्राज्याची लॉरी अडवायला जीव दिला, दुसऱ्याने पंधरा वर्षांनी साम्राज्याच्या गणवेशात छाती पुढे केली. यातला कोण खरा, असा प्रश्न विचारायची आपल्याला खोड आहे. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. तो निर्णय ना निमजचा होता, ना माणगावचा. पलटणीत जाण्यामागे पगार होता, पेन्शन होती, घराण्याची रीत होती. युद्ध कुणाचं हे दुसऱ्यांनी ठरवलं. सुरुंगातून जखमींना उचलून नेणं मात्र जाधवांनी स्वतः ठरवलं. बाबू गेनूनेही त्या रस्त्यावर स्वतःच ठरवलं होतं.

आणि हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं होतं. फॅसिझमविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढा, असं ज्यांना सांगितलं होतं, ते परत येऊन विचारणारच होते की आमच्या स्वातंत्र्याचं काय. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी बंड केलं. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. गणवेशातली पोरं आणि बाबू गेनूच्या गिरण्यांतली माणसं तेव्हा एका बाजूला होती. आपल्यापुरती कलाटणी कुठे मिळाली, असं कुणी विचारलं तर मी स्टालिनग्राडच्या शेजारी मुंबईतला हा आठवडा लिहीन.